कॉस्मेटिक सर्जरीचा विचार आहे? आधी सात दिवसांची वही लिहा

पहिल्या भेटीत सर्जन नाकाचं हाड चाचपतो, त्वचेची जाडी बघतो, खर्च सांगतो, तारखा सांगतो. नागपुरात धंतोलीत जा की रामदासपेठेत, या तपासणीचा क्रम थोड्याफार फरकाने हाच. पण टेबलापलीकडून त्याला एक गोष्ट दिसत नाही: हे नाक तुमच्या दिवसातला किती वेळ खातं. ऑपरेशननंतर माणूस समाधानी राहील की आणखी खोलात जाईल, हे हाडाइतकंच त्या वेळावर अवलंबून असतं. म्हणून सर्जनकडे जाण्याआधी तो वेळ मोजायचा. हे काम घरी होतं आणि त्याला एक वही पुरते.

नाक, छाती, पोट, केस, ओठ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कशाचाही विचार असो, पद्धत हीच.

वही कशी लिहायची

सलग सात दिवस घ्या. त्यात एक रविवार आणि घराबाहेरचा एखादा कार्यक्रम यायला हवा: बारसं, साखरपुडा, कॉलेजचं गॅदरिंग, काहीही. त्या दिसण्याशी संबंधित काहीही केलं की लगेच पाच गोष्टी टिपा: वेळ, जागा, किती मिनिटं, काय केलं, आणि त्या क्षणी किती त्रास झाला (० ते १०). टाळलेल्या गोष्टींसाठी वेगळी ओळ ठेवा. लोक नेमकी तीच ओळ विसरतात, आणि खरं चित्र तिच्यातच असतं. एका दिवसाचं पान असं दिसेल:

«मंगळवार. सकाळी ७.१०, बेसिनचा आरसा, १२ मि., डावीकडून नाक, त्रास ६. ७.४०, गाडीचा आरसा, २ मि., त्रास ४. १०.३०, फोनचा कॅमेरा, सहा फोटो काढले, सगळे डिलीट, ९ मि., त्रास ८. रात्री ९, आधी-नंतरच्या रील्स, ४० मि., त्रास ५. आईला विचारलं: ३ वेळा. टाळलं: डबा सगळ्यांसोबत खाल्ला नाही, ती जागा खिडकीजवळ होती.»

बेरीज ६३ मिनिटं. काम करताना मागे सतत चाललेला विचार यात आलेला नाही. त्याचा अंदाज रात्री झोपताना वेगळा लिहा. रील्सचा वेळ मनाने लिहू नका, फोनच्या स्क्रीन टाइममध्ये बघून लिहा. मनाने लिहिलेला आकडा बहुतेक वेळा कमीच निघतो.

नागपुरात एक खास अडचण आहे. एप्रिल ते जून इथे सगळेच तोंड बांधून गाडी चालवतात. स्टोल, दुपट्टा, गॉगल, हातमोजे. त्यामुळे उन्हासाठी बांधलेलं तोंड आणि लपवण्यासाठी बांधलेलं तोंड यातला फरक बाहेरून कळत नाही, पुष्कळदा स्वतःलाही कळत नाही. उन्हाळ्यात वही लिहीत असाल तर दोन प्रश्न जोडा: सावलीत, दुकानात, लिफ्टमध्ये गेल्यावर स्टोल किती वेळात सोडला? आणि मागच्या डिसेंबरात संध्याकाळीही तो बांधला होता का?

सात दिवसांनी रोजची सरासरी काढा. आरसा, फोटो, तुलना, विचारणा आणि मनातला विचार धरून रोज एक तासाच्या आत बसत असेल, त्रासाचे आकडे पाचच्या खाली असतील आणि टाळलेल्या गोष्टींची ओळ जवळपास रिकामी असेल, तर तुमचं म्हणणं सरळ आहे. एक गोष्ट आवडत नाही, ती बदलायची आहे. असा माणूस सर्जरीसाठी साधारणपणे चांगला उमेदवार. रोज एक तासाच्या वर जात असेल तर पुढच्या तपासणीशिवाय तारीख घेऊ नका. तीन तासांच्या वर जात असेल तर सर्जनच्या आधी मनोविकारतज्ज्ञ. एक तासाची ही रेघ आम्ही मनाने ओढलेली नाही. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे दिसण्यातल्या बारीकशा किंवा इतरांना न दिसणाऱ्या दोषाची न सुटणारी चिंता, हिच्या चाळणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीतही वेळाचा प्रश्न याच टप्प्यांत विचारतात: एक तासाखाली, एक ते तीन, तीनच्या वर.

वहीतली मुख्य चिंता वजन किंवा जाडेपणा हीच निघाली, जेवण टाळणं किंवा खाऊन उलटी काढणं दिसलं, तर तो प्रश्न वेगळा. तो खाण्याच्या विकाराचा असू शकतो, आणि लायपोसक्शन त्यावरचा उपाय नाही. मुळात लायपोसक्शन वजन उतरवण्यासाठी नसतंच, ते ठरावीक जागची चरबी काढण्यासाठी असतं.

दोष किती, चिंता किती

प्लास्टिक सर्जनांमध्ये एक जुनी आकृती प्रचलित आहे. अमेरिकेतले सर्जन मार्क गोर्नी यांच्या नावाने ती ओळखली जाते. एका अक्षावर प्रत्यक्ष दोष, दुसऱ्यावर त्या दोषाची चिंता. दोष मोठा आणि चिंता बेताची असलेला माणूस थोड्या सुधारणेवरही खूश होतो. दोष बारीक आणि चिंता डोंगराएवढी असली तर सर्जनचा हात कितीही चांगला असो, निकाल पटत नाही. ही आकृती घरी अशी वापरायची.

फोटो दीड मीटरवरून काढून घ्या. फरशीवर चिकटपट्टीची खूण करा. उजेड समोरून हवा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, झूम नाही. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक. सेल्फी चालणार नाही, कारण ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा पाया दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. हा खेळ भिंगाचा नव्हे, अंतराचा आहे: नाक कॅमेऱ्याला कानापेक्षा बरंच जवळ असतं. सेल्फीतलं नाक घेऊन सर्जनकडे जाणारे बरेच आहेत, आणि ते नाक त्यांचं नसतंच. शिवाय आरशात आपण स्वतःला उलटं बघतो, लोक आणि कॅमेरा सुलटं. भांग दुसरीकडे गेलेला दिसला की चेहरा वाकडा वाटतो. तो वाकडेपणा नवा नसतो, फक्त ओळखीचा नसतो.

आता या फोटोंवरून स्वतः दोन आकडे लिहा: दोष किती (० ते १०), चिंता किती (० ते १०). मग तीन माणसांना फोटो दाखवा. त्यातलं किमान एक घरातलं नसावं. त्यांना «माझं नाक कसं दिसतं» असं विचारू नका, त्याने उत्तर तुम्हीच पुरवता. «या चेहऱ्यात काय खटकतं, शून्य ते दहा» एवढंच विचारा. तिघांनी तुमच्या जागेचं नावही घेतलं नाही किंवा दोन-तीनच्या वर आकडा दिला नाही, आणि तुमची चिंता आठ-नऊ असेल, तर ही दरी ऑपरेशनने भरणार नाही.

ही दरी काय असते

या त्रासाला इटलीतले मनोविकारतज्ज्ञ एन्रिको मॉर्सेली यांनी १८९१ मध्ये नाव दिलं होतं. आज त्याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात आणि तो सक्तीच्या विचारांच्या विकारांच्या कुळात मोडतो. सर्वसाधारण लोकांत तो सुमारे दोन टक्क्यांना असतो. कॉस्मेटिक सर्जनकडे आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे येणाऱ्यांत त्याचं प्रमाण याच्या कितीतरी पट निघतं. सुरुवात बहुतेक वेळा तेरा ते सतरा या वयात होते. बायकांना होतो तसाच पुरुषांनाही होतो, पुरुष फक्त उशिरा सांगतात.

हा गर्व नव्हे आणि नखराही नव्हे. कुणी दोन तास आरशासमोर उभं राहतं तेव्हा ते रूप न्याहाळत नसतं, त्याला तिथून हलता येत नसतं. «सगळे माझं नाकच पाहून राहिले» असं मुलगा म्हणतो तेव्हा त्याला ते खरोखर तसंच जाणवत असतं. या लोकांची नजर चेहरा एकसंध बघण्याऐवजी बारकाव्यावर अडकते, असं मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासांतही दिसलं आहे. म्हणूनच ऑपरेशन फसतं. नाक सरळ झालं तरी नजर तीच राहते. ती टोकावर जाते, नाकपुडीवर जाते, टाक्याच्या व्रणावर जाते, किंवा नाक सोडून हनुवटीवर उतरते. मग दुसरं ऑपरेशन, तिसरा सर्जन. यात नैराश्य आणि आत्महत्येचे विचार सामान्यांपेक्षा खूप जास्त असतात, त्यामुळे ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

व्यायामशाळेतल्या पोरांमध्ये याचंच दुसरं रूप दिसतं: दंड, छाती भरदार असूनही आपण काटकुळे आहोत असं वाटत राहणं. इथे एक व्यवहाराची गोष्ट. छाती बायकांसारखी वाढली म्हणून ऑपरेशन हवं असेल तर आधी स्टेरॉइडची इंजेक्शनं किंवा गोळ्या घेतल्या का, हे सर्जनला खरं सांगा. ती चालूच राहिली तर गाठ पुन्हा वाढू शकते. आणि वयात येताना वाढलेली छाती पुष्कळ मुलांत एक-दोन वर्षांत आपोआप उतरते. सोळाव्या वर्षी कापाकापीची घाई करू नका.

घरच्यांसाठी: दिवसातून दहादा «आई, बरी दिसते ना मी?» आलं तर दहादा «हो गं, छान दिसतेस» म्हणू नका. या उत्तराने पाच मिनिटं बरं वाटतं आणि सहाव्या मिनिटाला प्रश्न परत येतो. रागावूही नका. एकदा शांतपणे सांगा: «मी उत्तर दिलं की तुझी काळजी वाढते, म्हणून आता नाही सांगणार. चल, चहा ठेवू.» मग खरंच चहा ठेवा.

स्वभाव ओळखा, म्हणजे तयारी नीट होते

स्वभाव म्हणजे आजार नाही. स्वभावावरून सर्जरी नाकारावी असंही नाही, पण प्रत्येक स्वभाव वेगळ्या ठिकाणी ठेच खातो.

सगळं अचूकच हवं असणाऱ्या माणसाची ठेच मिलिमीटरात असते. कुणाच्याही चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात आणि सर्जरी त्या सारख्या करून देत नाही. अशा माणसाने सर्जनला «काय सुधारेल» याच्या आधी «काय उरेल» हे विचारावं, आणि उत्तर स्वतःच्या हाताने लिहून घ्यावं: व्रण कुठे, किती लांब, किती फरक राहील. ते वाचून पोटात गोळा आला तर तारीख पुढे ढकला.

नकाराला फार भिणारा माणूस ऑपरेशननंतर लोकांच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. लग्नात आत्या काहीच बोलली नाही, म्हणजे वाईट दिसतंय असा अर्थ काढतो. चांगल्या सर्जरीचा निकाल पुष्कळदा कुणाच्या लक्षातही येत नाही. हे आधीच पचवायला हवं.

कौतुकाची भूक असलेला माणूस पहिल्या भेटीत सर्जनला देव करतो: «आधीचे सगळे कसाई, तुम्हीच एक.» अनुभवी सर्जन हे वाक्य ऐकून सावध होतो, कारण तीन महिन्यांनी त्या कसायांच्या रांगेत त्याचंच नाव लागतं. हे वाक्य तुमच्या तोंडी येत असेल तर आधीच्या डॉक्टरांवरचा राग नेमका कशाचा, हे आधी लिहून काढा. हाच माणूस घासाघीस, खास वागणूक आणि रात्री अकराला फोन यांचीही अपेक्षा धरतो, आणि ती मोडली की निकालही वाईट दिसायला लागतो.

चिंताळू माणसाला सूज घाबरवते. त्याने सूज कधी येते, कधी उतरते याचं वेळापत्रक आधीच घ्यावं. ते खाली दिलं आहे.

आणि दुसऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारा माणूस: याची सर्जरी बहुतेक वेळा दुसऱ्याचीच असते. नवऱ्याची, सासूची, मैत्रिणीची. ते पुढच्या पानावर उघड होतं.

दहा वाक्यांचं पान

वहीच्या नव्या पानावर «ऑपरेशन झालं की...» हे वाक्य दहा वेळा पुरं करा. थांबून विचार करू नका. मग ज्या वाक्यात दुसऱ्या माणसाने काहीतरी करायला हवं, ते खोडा. «लग्न जमेल» खोडा. «तो परत येईल» खोडा. «ऑफिसात मान मिळेल» खोडा. «बिनबाह्यांचा ब्लाउज घालेन», «गळाबंद शर्ट सोडून टी-शर्ट घालेन», «फोटोत बाजू शोधत बसणार नाही», ही राहू द्या. सर्जरी शरीर बदलते, दुसऱ्याचं मन बदलण्याची हमी तिच्याजवळ नाही. दहातली सहा-सात वाक्यं उरली तर बरं. दोनच उरली तर आत्ता नको.

लग्नाचं जरा जास्त सांगायला हवं, कारण इथे वधू-वर परिचय मेळाव्याच्या दोन महिने आधी येणारी मंडळी पुष्कळ असतात. मुलगी पाहायला आलेल्या कुणीतरी नाकावरून, रंगावरून, दातांवरून शब्द टाकलेला असतो, आणि सगळं घर त्या एका शब्दाभोवती फिरत असतं. नकारानंतरचे तीन महिने हा निर्णय घेऊच नका. घटस्फोट, ब्रेकअप, जवळच्या माणसाचा मृत्यू, नोकरी जाणं, बाळंतपण, यांनाही हाच नियम. शिवाय हिशेबही जुळत नाही: नाकाची पूर्ण सूज उतरायला वर्षभर लागू शकतं. डिसेंबरातल्या मुहूर्तासाठी ऑक्टोबरात नाक केलं तर लग्नाच्या अल्बममध्ये सुजलेलं नाक येणार.

सर्जनकडे जाताना

सर्जनची पदवी बघा: प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची हवी. वही सोबत न्या आणि सात दिवसांची सरासरी स्वतःहून सांगा. ती लपवून सर्जनला फसवता येतं, पण त्याचा भुर्दंड तुमच्याच चेहऱ्याला बसतो. आधीच्या सगळ्या प्रोसिजर सांगा, फिलर, लेझर, पीलिंगसकट, आणि प्रत्येकीबद्दल समाधान किती होतं तेही. आधीच्या दोन-तीन प्रोसिजर इतरांना चांगल्या दिसतात आणि फक्त तुम्हालाच फसलेल्या वाटतात, ही मोठी खूण आहे. दोन सर्जननी नको म्हटलं असेल तर तिसरा शोधू नका.

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात असाल तर लपवू नका. ही गोष्ट मनाची नाही, पण इथे लपवली जाते ती लाजेमुळेच. तंबाखूतल्या निकोटिनने त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, टाके लावलेल्या कडा काळ्या पडतात, जखम उसवते. ऑपरेशनच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे खर्रा, बिडी, सिगारेट पूर्ण बंद. वर्षानुवर्षं खर्रा खाऊन तोंड कमी उघडत असेल तर भूलतज्ज्ञाला नळी घालणं अवघड जातं. तीन बोटं उभी तोंडात जातात का ते घरीच बघा आणि त्याला आधीच सांगा.

पहिल्याच भेटीत ॲडव्हान्स देऊ नका. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून कॉस्मेटिक सर्जरीआधी किमान दोन भेटी, मानसिक चाळणी आणि संमतीनंतर किमान सात दिवसांची थांबण्याची मुदत बंधनकारक आहे. हा नियम स्वतःला लावून घ्या. आम्ही तर दोन भेटींत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा असं म्हणू. «आजच बुक केलं तर सूट» असं जिथे सांगतात तिथून उठून या.

मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं तर

याचा अर्थ वेडं ठरवलं असा नाही. तिथे साधारण तीन गोष्टी होतात: तुमची वही आणि दिनक्रम विचारतात, नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात (एकूण गुण २७, दहा किंवा जास्त आले तर पुढची तपासणी), आणि जगणं नकोसं वाटतं का हे सरळ विचारतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं द्या. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मनोविकार विभागाची ओपीडी आहे. घराबाहेर पडणंच अवघड असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं.

डिस्मॉर्फिया निघाला तर उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. एक म्हणजे सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी बोलून होणारी उपचारपद्धत, आठवड्याला एक याप्रमाणे काही महिने: आरशाची मिनिटं टप्प्याटप्प्याने उतरवणं, स्टोल सोडून सदर बाजारच्या गर्दीत दहा मिनिटं उभं राहणं, विचारणा बंद करणं. दुसरं म्हणजे एसएसआरआय गटातली औषधं, नैराश्यावरही हीच देतात. त्यांचा डोस पुष्कळदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि फरक पडायला बारा आठवडे जाऊ शकतात. चौथ्या आठवड्यात «काहीच होत नाही» म्हणून सोडणं ही इथली सगळ्यात मोठी चूक.

ऑपरेशननंतरचे दिवस

सूज आणि काळेनिळे डाग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतात. याच आठवड्यात रडू येतं, «हे काय करून बसलो» असं वाटतं. हे बऱ्याच जणांना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही टिकलं, झोप-जेवण तुटलं, पट्टी किंवा प्लास्टर स्वतःच उपसायचा प्रयत्न झाला किंवा मरणाची भाषा आली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जन आणि मनोविकारतज्ज्ञ दोघांनाही त्याच दिवशी कळवा. लायपोसक्शन किंवा छातीच्या ऑपरेशननंतर घट्ट कपडा चार ते सहा आठवडे घालावा लागतो. मे महिन्यात नागपुरात तो सहन होत नाही, लोक काढून टाकतात आणि आकार बिघडतो. ही ऑपरेशनं दिवाळीनंतर करा.

पहिले सहा आठवडे आरसा दिवसातून दोनदा, हातभर अंतरावरून, दोन मिनिटं. भिंगाचा आरसा घरातून काढून टाका. निकालाबद्दल मत बनवायचं ते लायपोसक्शनला तीन ते सहा महिन्यांनी, नाकाला आणि व्रणाला वर्षाने. दुरुस्तीच्या ऑपरेशनचा विषयही त्याआधी काढू नका. फोटो फरशीवरच्या त्याच खुणेवरून, त्याच उजेडात, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात काढायचे. ऑपरेशनआधीचे फोटो तोवर बहिणीच्या किंवा मित्राच्या फोनमध्ये राहू द्या, आणि बाराव्या महिन्यात दोघांनी मिळून शेजारी शेजारी ठेवून बघा.